माझ्या पायांचा नवस

आमच्या घरात आजारपणाची एकच तऱ्हा माहीत आहे, ती म्हणजे बाळंतपणाची. ताप असो, हाड मोडलेलं असो, काहीही असो, माणसाला पलंगावर घालायचं, कान बांधायचे, खिडकी लावून घ्यायची आणि डिंकाचे लाडू चारायचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला लिम्फोमा झाला, म्हणजे गळ्याजवळच्या गाठींचा कॅन्सर. तेव्हा आईने जे केलं ते तिच्या दृष्टीने अगदी रीतसर होतं. तिने माझा पलंग वरच्या खोलीतून खाली बैठकीत आणवला, दाराला जाड पडदा लावला, आणि बडा गणपतीजवळच्या आमच्या गजबजलेल्या गल्लीत मी लग्नाआधीच बाळंतीण होऊन बसले. बाळ तेवढं नव्हतं.

पाणी हवं असलं तर आई आणणार. कूस बदलायची तर आई धरणार. एकदा मोबाइलचा चार्जर घ्यायला मी नुसती उठले, तर ती लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली. “काय करून राहिलीस? पडशील ना! मी मेले आहे का?” केमोने केस गेले तेव्हा तिने माझ्या डोक्यावर लोकरीची कानटोपी चढवली, तीही मे महिन्यात. इंदूरचा मे! मी घामाने निथळून राहिले आहे आणि ही म्हणते, वारं लागेल.

पण खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे मला ते सगळं बरंच वाटत होतं. मला उठायचंच नव्हतं. लोक थकवा थकवा म्हणतात, पण केमोचा थकवा वेगळा असतो. दिवसभर राबून येतो तो थकवा झोपलं की जातो. हा झोपून वाढायचा. मी दहा-दहा तास झोपून उठायचे आणि दात घासेपर्यंत पुन्हा आडवी. दात घासून थकणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. हळूहळू पोटऱ्या लोंबायला लागल्या. एकदा न्हाणीघरात स्टुलावरून उठताच येईना. हाक मारायची लाज वाटली म्हणून तशीच ओल्या अंगाने बसून राहिले आणि रडले. शेवटी आईच दार ढकलून आत आली.

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवली जाते. घोड्यांनी कुठकुठली मैदानं तुडवली ते बाबा रंगात येऊन सांगतात, आणि कोपऱ्यावरून दही आणायचं झालं की स्कूटरची किल्ली शोधतात. चालणं हा प्रकार आमच्याकडे गाडी बिघडली तरच होतो. त्यामुळे दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या खाटेशी येऊन “चलो, थोडा घूमते हैं” म्हणाल्या, तेव्हा आईला वाटलं त्या खोली चुकल्या.

“अहो मॅडम, हिला सलाइन लागलं आहे,” आई म्हणाली.

“वो भी घूमेगा साथ में,” मॅडम म्हणाल्या, आणि सलाइनच्या स्टँडचं चाक पायाने सोडवलं.

त्या वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलायला चटपटीत. वॉर्डाच्या खिडकीपर्यंत जायचं आणि यायचं, एवढंच. मी स्टँड धरून निघाले. मागे आई दोन्ही हात पसरून, जसं पहिल्यांदा चालणाऱ्या पोराच्या मागे जातात तशी. खिडकीशी पोचेपर्यंत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, पडून राहिलं की स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की थकवा वाढतो, मग माणूस आणखी पडून राहतं. हे चक्र तोडायचं तर रोज थोडं चालायचं, खुर्चीतून उठबस करायची, भिंतीला तळवे टेकून ढकलायचं, पलंगावर पडल्या पडल्या पंजे वरखाली करायचे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. ताप असेल किंवा रक्तातल्या पेशी फार उतरल्या असतील, त्या दिवशी सुट्टी. डॉक्टरांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, मॅडम सांगतात ते औषधासारखंच धरा.

आईला हे पटलं नाही. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “त्यांचं काय जातं सांगायला? उंटावरून शेळ्या हाकायच्या.” घरी मी खुर्चीतून उठबस करायला लागले की ती तोंड फिरवून भाजी निवडायची. मलाही ते जिवावर यायचं. व्यायामाने तरतरी येते म्हणतात, कसलं काय! आधीच मेलेलं अंग, त्याला आणखी उठवायचं. मी करायचे ते मॅडमच्या धाकाने, आणि न्हाणीघरातलं ते स्टूल आठवून.

पुढच्या केमोच्या वेळी मॅडमनी विचारलं, “ठीक होके सबसे पहले कहाँ चलके जाना है? कुछ तो सोचा होगा.” म्हणजे काहीतरी समोर ठेवायचं, कॉलेज, मैत्रिणीचं घर, सराफ्यातली खाऊगल्ली, आणि त्या हिशेबाने चालणं वाढवत न्यायचं. मी काहीच ठरवलेलं नव्हतं. कुठे जायचं म्हटलं की मला पलंगच दिसायचा. मी म्हटलं, कुठेच नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून, टिफिनचा डबा बंद करता करता, आई म्हणाली, “खजराना.”

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

“खजरान्याच्या गणपतीला जायचं आहे हिला. आमच्या घरून. पायी.” आणि मग हळूच, “अनवाणी.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बडा गणपती शहराच्या एका टोकाला आणि खजराना दुसऱ्या टोकाला, मधे सगळं इंदूर. धडधाकट माणूस तिथे बसने जातो. आणि मला हाताने पाणी घेऊ न देणारी ही बाई, माझे पाय तिथपर्यंत कबूल करून बसली होती! झालं होतं असं की माझा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच खजरान्याला गेली होती. तिथे देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक नवसाचा उलटा स्वस्तिक काढतात, आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटा काढतात. आईने उलटा काढला आणि गणपतीला सांगून आली की माझी मुलगी बरी होऊन स्वतःच्या पायांनी तुझ्याकडे येईल.

घरी आल्यावर मी जी भांडले! अंगात त्राण नव्हतं, तरी भांडायला मात्र कुठून आलं कोण जाणे. “पाय माझे आणि नवस तुझा? स्वतः चालायचं कबूल करायचं होतंस ना. उपास करायचे होतेस. एकवीस सोडून एक हजार मोदक बोलायचे होतेस. माझे पाय कुणाला विचारून दिलेस?”

“बोलून गेले,” ती म्हणाली. “आता बोलले ते बोलले. देवाशी काय अदलाबदली करू?”

“अगं, मग इतके दिवस मला पलंगावर कशाला डांबलंस?”

“पाय सांभाळून ठेवत होते तुझे,” ती म्हणाली. हे ती खरंच म्हणाली, अगदी मनापासून. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. हसत होते की काय, देव जाणे.

त्या दिवसापासून मी आगीतून फुफाट्यात पडले. कालपर्यंत कूस बदलू न देणारी आई सकाळी पडदा सर्रकन ओढून “उठ, चल, जिना” म्हणायला लागली. बैठकीचा पलंग परत वर गेला, का तर जिना चढण्याची सवय व्हावी. जिन्याच्या मधल्या पायरीवर एक उशी ठेवलेली असायची, मी तिथे बसून धापा टाकायचे आणि खालून आई विचारायची, “बोलता येतं का? बोल काहीतरी.” मी जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत. मग पुढच्या चौकापर्यंत. कानटोपी, मास्क आणि मी. दुकानदार विचारायचे, “कैसी हो बिटिया?” आणि त्यांना उत्तर देण्यात उरलीसुरली ताकद जायची.

एवढं करून जरा चौकापलीकडे जायला लागले तर ताप आला. पुन्हा दवाखाना, पुन्हा खाट, शिरेतून अँटिबायोटिक. घरी परतले तेव्हा पुन्हा गल्लीचं टोक गाठता येईना. सगळं केलेलं पाण्यात. मला तेव्हा जितका वैताग आला तितका रिपोर्ट आला त्या दिवशीही आला नव्हता. तेव्हा निदान भीती तरी होती. आता नुसता कंटाळा होता, स्वतःच्याच अंगाचा. मॅडमना फोनवर म्हटलं, मला नको हे. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ठीक आहे, आज नको, उद्या फक्त पंजे हलव. मी दुसऱ्या दिवशी पंजे हलवले. दुसरं काय करणार होते?

शेवटची केमो झाली, स्कॅन स्वच्छ आला. घरात पेढे आले, फोन झाले. मला वाटलं होतं स्कॅन स्वच्छ आला की थकवाही जाईल. तो गेला नाही. पायांची बोटं औषधांनी बधिर झाली होती ती तशीच राहिली, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. आणि डॉक्टर म्हणाले, पाच वर्षं लक्ष ठेवू, ती नीट गेली की मग निर्धास्त व्हायचं. मी मान डोलावली. आईने मात्र तो आकडा गिळल्यासारखा तोंड मिटून ऐकला.

त्यानंतर नवसाची घाई तिला लागली. पुढची तपासणी जवळ येत होती. नवस फेडला नाही तर आजार परत येईल, असं ती एकदाही म्हणाली नाही. पण रात्रीचं जेवण झालं की माझ्या पायांना तेल लावायला बसायची, आणि बोटं दाबून विचारायची, “इथे कळतं? इथे?” मी नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. मग मी खोटंच हो म्हणायला लागले. देवावर माझा विश्वास किती ते सोडा, पण तपासणीआधी तिचा नवस फिटला नाही तर ही बाई भीतीनेच आजारी पडेल, हे मला दिसत होतं. म्हणून मी जायचं ठरवलं.

अनवाणी जायला मॅडमनी साफ मनाई केली. बधिर पायाला काच घुसली तरी कळणार नाही, बूट घालूनच. आईला हा मोठाच पेच पडला. दोन दिवस विचार करून तिने स्वतःच तोडगा काढला. मी बूट घालून चालायचं आणि माझ्या वाटचं अनवाणी ती चालणार. देव समजून घेईल, ती म्हणाली, तोही आईचंच ऐकणारा आहे. बुधवार गणपतीचा, फार गर्दी, म्हणून गुरुवार ठरला.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मी टोपी, मास्क, बूट. आई अनवाणी, हातात दूर्वा आणि शेंदराची पुडी. आणि मागून बाबा स्कूटरवर, पाण्याच्या बाटल्या घेऊन, चालण्याच्या वेगाने फुरफुर करत. घोडेस्वारांचे वंशज! राजवाड्यापर्यंत मजेत गेलो. पोह्यांच्या गाड्यांवर गर्दी होती, जिलबीचा वास होता, आईने नेटाने तिकडे पाहिलं नाही. पुढे रस्ता पत्रे लावून अडवलेला, खडी पडलेली. मी सवयीने माझ्या वेगात चालत होते, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याशी बोलणारं कुणी शेजारी नाही.

मागे पाहिलं तर आई बरीच मागे होती. पदर कमरेला खोचलेला, एक हात गुडघ्यावर. मी थांबले. ती आली, म्हणाली, चल चल, काही नाही. पलासियाच्या चौकाच्या थोडं आधी, निम्म्या वाटेवर, ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना. तळव्यांना फोड आले होते. गुडघे सुजले होते. इतके महिने माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून काढलेले तिने, माझ्यासाठी जिन्याशी उभी राहिली पण स्वतः एक पायरी चढली नाही. माझ्याकडून सगळं करून घेतलं, आणि तिचं कुणी काही करून घेतलं नाही. मला इतकं भरून आलं की मी ओरडलेच, “बस आता स्कूटरवर! हद्द झाली!”

“आणि नवस?”

“नवस माझ्या पायांचा आहे ना? तूच म्हणालीस ना? मग बस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांच्या खांद्याला धरून, कण्हत, स्कूटरवर बसली. “पुढे जाऊन थांबतो,” बाबा म्हणाले. आईने मान वळवून वळवून मला बघितलं, आणि गर्दीत त्या दोघांची पाठ दिसेनाशी झाली. आजारी पडल्यापासून घरापासून एवढ्या लांब मी एकटी अशी पहिल्यांदाच होते.

पुढचं चालणं काही सुंदर वगैरे नव्हतं. ऊन चढलं होतं. मांड्या दगडाच्या झाल्या होत्या. पाय कुठे पडतो ते खाली बघूनच कळत होतं. मी बसले, उठले, पुन्हा बसले. एक ई-रिक्षावाला थांबला. “खजराना? बैठो दीदी, दो मिनट में छोड़ देता हूँ.” रिकामी रिक्षा, सावलीची सीट. कोण बघणार होतं? मी खरंच एक हात दांडीला लावला. आणि मग मला राग आला. नवसावर नाही, आईवर नाही. त्या बैठकीतल्या पलंगावर, न्हाणीघरातल्या स्टुलावर, वाया गेलेल्या त्या गल्लीच्या टोकावर. एवढं सगळं करून आता मी बसून जाऊ? मी म्हटलं, “नहीं भिया, पैदल ही जाना है.” तो म्हणाला, “मन्नत है क्या?” मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

देवळाच्या बाहेर हारफुलांच्या दुकानांच्या रांगेत आई स्कूटरला टेकून उभी होती. मला लांबून बघितलं तेव्हा तिने काही केलं नाही. धावली नाही, हाक मारली नाही, हात पसरले नाहीत. मी पोचेपर्यंत नुसती उभी राहिली, माझ्या पायांकडे बघत. मग म्हणाली, “बूट इथे काढ.”

दर्शन झालं. आम्ही मागच्या भिंतीशी गेलो. भिंत उलट्या-सुलट्या स्वस्तिकांनी इतकी भरलेली, की कोणता कुणाचा ते कुणालाही सांगता येऊ नये. आईने तिचा उलटा स्वस्तिक थोडा वेळ शोधला, मग सोडून दिला. म्हणाली, त्याला माहीत असेल. पुडीतला शेंदूर बोटाला लावून तिने एक सुलटा स्वस्तिक काढला, ठसठशीत. हात जोडले. झालं एकदाचं, असं म्हणून मी खाली बसणार होते, तर ती अजून भिंतीशीच. बोटाला उरलेल्या शेंदराने त्याच्या शेजारी ती दुसरा काढत होती. उलटा.

“आई, हा कशाला?”

“पाच वर्षांचा,” ती म्हणाली. भिंतीकडेच बघत.

मी डोक्याला हात लावला. “पुन्हा चालत?”

“चालत.”

“अगं पण पुन्हा माझेच पाय का? तुझे बोल ना, बाबांचे बोल. कुणाचेही बोल.”

तिने बोट पदराला पुसलं. “आमच्या पायांचं बोलून काय उपयोग?” ती म्हणाली. “आम्ही तर तू नसलीस तरी येऊ शकतो. तू चालत येणार म्हटलं, म्हणजे तू असणार.”

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. आई माझ्या शेजारी बसली, फोड आलेले तळवे वर करून. मी म्हटलं, ठीक आहे, पण उद्यापासून जिना तूही चढायचा, कारण तेव्हा मला एकटीला यायचं नाही.